खिडकीत भाजी लावताय? आधी ऊन बघा, मग बी

नव्यानं भाजी लावणारे मला दोन गोष्टी हमखास विचारतात. बी कुठलं आणू आणि माती कुठली घेऊ? दोन्हींची उत्तरं सोपी आहेत, पुढे देतेच. पण तुमची खिडकी कुठल्या दिशेला आहे आणि कुठल्या महिन्यात तिथे किती वेळ ऊन येतं, हे सांगता येत नसेल तर अजून एक रुपयाही खर्च करू नका. कुंड्या नकोत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) नको, काही नको. मुंबईतल्या फ्लॅटमध्ये भाजी फसते ती बहुतेक वेळा इथेच, आणि पुढची सगळी धावपळ चुकीच्या दिशेनं होते.

मुलुंडला आमची खिडकी दक्षिणेला. घर घेतलं ते थंडीत. तेव्हा ग्रिलमध्ये सकाळी नवापासून चारपर्यंत ऊन, आत दिवाणापर्यंत उन्हाचा पट्टा. अशी खिडकी मिळाल्यावर आणखी काय हवं? आई कणकवलीची. तिकडे मृग लागला की परसात भेंडी, पडवळ, काकडी, सगळ्याचं बी पडतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिचा फोन यायचाच, "मृगाचं बी टाकलंस ना गो?" मी टाकलं. भेंडी, वांगी, मिरची. सगळं उगवलं, छान उगवलं. मग रोपं नुसती वर जायला लागली. दोन पानांमधलं अंतर बोटभर, खोड सुतळीसारखं, आणि फूल नाही.

पुढे जे झालं ते नीट वाचा, कारण तुमच्याही बाबतीत अगदी याच क्रमानं होईल. नर्सरीवाला म्हणाला खत कमी पडतंय. त्यानं एकोणीस-एकोणीस-एकोणीस या रासायनिक खताची पुडी दिली. पानं गर्द हिरवी, मऊ, लुसलुशीत झाली. अशा पानावर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, तुटून पडतो, तसा तो पडला. मग कडुनिंबाचं तेल फवारलं, पावसानं धुतलं, पुन्हा फवारलं. पानं चिकट झाली, गळायला लागली. कुणी म्हणालं पाणी जास्त होतंय, कुणी म्हणालं माती बदल. ऑगस्ट संपेपर्यंत मिरचीला दोन-तीन फुलं आली आणि तीही गळाली. एवढ्या सल्ल्यांत एकानंही विचारलं नाही की खिडकी कुठल्या बाजूची आहे. या गोष्टीचं मला आजही वाईट वाटतं, कारण उत्तर अगदी साधं होतं.

मुंबई साधारण 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. ज्या दोन दिवशी तो बरोबर डोक्यावर येतो ते शून्य सावलीचे दिवस, एक मेच्या मध्याला आणि दुसरा जुलै संपता संपता. म्हणजे ऐन जूनमध्ये सूर्य ईशान्येकडे उगवतो, दिवसभर उत्तरेकडेच राहतो आणि वायव्येकडे मावळतो. दक्षिणेच्या भिंतीला त्या दिवसांत थेट ऊन लागतच नाही. ढग असोत वा नसोत. आईचा मृग खरा आहे, पण तो उघड्या परसाचा आहे. परसाला चारी बाजूंनी आभाळ असतं, खिडकीला एकाच बाजूनं.

बरं, एवढ्यावर भागत नाही. वर छज्जा असतो. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ 71 अंशांवर असतो. तेव्हा दक्षिणेच्या भिंतीवरच्या 2 फुटी छज्ज्याची सावली खाली पावणेसहा फुटांपर्यंत उतरते. म्हणजे अख्खी खिडकी सावलीत! तोच छज्जा डिसेंबरच्या दुपारी जेमतेम सव्वादोन फूट सावली टाकतो, कारण तेव्हा सूर्य 47-48 अंशांवरच असतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीचा खरा हंगाम नवरात्रापासून होळीपर्यंत. तेवढ्यात टोमॅटो, वांगी, मिरची, वाल, सगळं जोरात होतं. बाकीचे महिने पालेभाजी जगवायची किंवा मातीला विश्रांती द्यायची.

उत्तरेच्या खिडकीचं उलटं. थंडीत तिथे ऊन येतच नाही. मे-जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ तिरपं येतं आणि पुढे ते पावसाळ्यात बुडतं. फळभाजीचा हट्ट तिथे सोडाच. पूर्वेची खिडकी सगळ्यात भाग्याची, वर्षभर दुपारपर्यंत ऊन. पश्चिमेलाही वर्षभर येतं, पण एप्रिल-मेमध्ये दुपारी तीनचं ऊन कुंडी भाजून काढतं, तेव्हा हिरवी जाळी लावावी लागते.

मोजायचं कसं? सुट्टीच्या दिवशी नऊ, बारा आणि तीन वाजता कुंडी ठेवणार त्या जागी हात धरा. सावलीची कड ठसठशीत असेल तर ऊन आहे. पुसट असेल तर नुसता उजेड आहे, आणि उजेडावर भेंडी धरत नाही. खडूनं खूण करा, तारीख घाला, महिन्याभरानं पुन्हा बघा. समोर रिडेव्हलपमेंटचा टॉवर उठत असेल तर तोही हिशेबात धरा. आमच्या मागच्या विंगमधल्या एका काकूंची पूर्वेची उत्तम बाग दोन वर्षांत अशी सावलीत गेली. फळभाजीला रोजचं किमान 6 तास थेट ऊन हवं. मेथी, पालक, लाल माठ, कोथिंबीर 3-4 तासांवर भागवतात. त्याहूनही कमी असेल तर अळू आणि पुदिना लावा. मायाळूही बऱ्यापैकी तग धरते.

तेवढंही नसेल तरी वाईट वाटून घेऊ नका. समुद्र मेथी मुंबईचीच. आपल्या बाजारात छोट्या जुड्यांत मिळते ती, वाळूत दाट पेरायची आणि कोवळी असतानाच काढायची. घरी पसरट ट्रेमध्ये धुतलेली वाळू आणि स्वयंपाकघरातल्या डब्यातले मेथीदाणे पुरतात. दोन आठवड्यांच्या आत ताटात येते. नवख्या माणसानं सुरुवात इथूनच करावी, असं माझं ठाम मत आहे. पहिल्याच वर्षी ढोबळी मिरची आणि चेरी टोमॅटोच्या मागे लागलेले लोक दुसऱ्या वर्षी कुंड्या विकायला काढताना मी पाहिलेत.

आता माती, थोडक्यात. नर्सरीतली लाल माती नुसती भरू नका, चार पावसांत ती विटेसारखी होते. एक भाग माती, एक भाग कंपोस्ट किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट भिजवून दोन-तीनदा धुऊन घ्या, त्यात क्षार असतात. आणि त्यात खत नसतं, हे लक्षात ठेवा. भिजलेली बारा इंची कुंडी पंधरा-वीस किलोंवर जाते. ग्रिलच्या पट्ट्या गंजलेल्या असतील तर एकही कुंडी ठेवू नका. यात तडजोड नाही, खाली माणसं चालतात.

पाण्यावरून भांडणं होतात ती खालच्या मजल्याशी. गढूळ पाणी त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडलं की तुमची बाग सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय होते. कुंडीखाली ताटली ठेवा. पण ताटलीत साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. पावसाळ्यात पालिकेचे लोक घरोघरी येऊन हेच तपासतात आणि अळ्या सापडल्या तर नोटीस मिळते. ताटली रोज ओता आणि आठवड्यातून एकदा घासून कोरडी करा, कारण अंडी कडेला चिकटून राहतात. एवढं जमणार नसेल तर बाग नको.

भेंडीबद्दल कडू बोलते. पानाच्या शिरा पिवळ्या पडून जाळी दिसायला लागली की तो केवडा, म्हणजे विषाणूचा रोग. पांढरी माशी हा विषाणू पसरवते आणि त्याला औषध नाही. ताक नाही, हळद नाही, कडुनिंब नाही. रोप उपटा, पिशवीत बांधा, टाकून द्या. 'अजून आठवडाभर बघूया' म्हणालात तर शेजारची रोपंही जातील. बी घेताना केवड्याला तोंड देणारं वाण मागा. परभणी क्रांती आणि अर्का अनामिका ही त्यासाठीच काढलेली वाणं. मिरचीचं पान आकसून होडीसारखं झालं तर मात्र घाई करू नका. ते बहुधा फुलकिडे किंवा कोळी या बारीक किडींचं काम असतं. शेंडे खुडा आणि संध्याकाळी लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंब तेल आणि थोडा पातळ साबण घालून पानाच्या खालून फवारा. अशी झाडं सावरतात, माझी सावरली आहेत.

वेलांचं एक सांगते. दुधीला फुलं आली आणि फळ धरत नाही, म्हणून लोक वेल कापतात. कापू नका. नर आणि मादी फुलं वेगळी असतात. मादी फुलाच्या मागे बोटाएवढा लवदार दुधी असतो, नराच्या मागे नुसता देठ. दुधीचं पांढरं फूल उमलतं संध्याकाळी, दिवेलागणीला. तेव्हा उंच मजल्यावर एखादा पतंग आला तर आला. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे वळवायच्या आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवायचा. बोटाला पराग लागलेला दिसला पाहिजे. चार दिवसांत देठ खाली वळून छोटा दुधी चमकायला लागला की जमलं. पिवळा पडून गळला तर पुढच्या फुलाला पुन्हा करा. हे काम सकाळी करत बसलात तर फूल तोवर मिटलेलं असतं. दोडक्याचंही संध्याकाळीच. कारली आणि काकडीचं मात्र सकाळी.

सल्ल्यांबद्दल माझी मतं जरा कडक आहेत. केळीच्या सालींचं पाणी, अंड्याच्या टरफलांचा चुरा, चहाचा चोथा, यांनी भाजी दुप्पट येते असं सांगणारे व्हिडिओ बघण्यात वेळ घालवू नका. हे सगळं कंपोस्टच्या डब्यात जाऊ दे, तिथे त्याचं सोनं होतं. पैसे घेऊन दोन दिवसांत 'टेरेस गार्डन तज्ज्ञ' करणारे वर्गही मला पटत नाहीत. शेतीत प्रयोग करणाऱ्या कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोळकरांनी प्रयोग परिवार या आपल्या चळवळीतून वेगळंच शिकवलं. आपल्या जागेत स्वतः प्रयोग करायचा, नोंद ठेवायची, एकमेकांना सांगायचं. त्यांचं अमृतजल हे पातळ खत मी अजून करते. 10 लिटर पाणी, 1 किलो ताजं शेण, 1 लिटर गोमूत्र, 50 ग्रॅम गूळ, तीन दिवस ढवळत ठेवायचं आणि मग दहापट पाणी घालून द्यायचं. बंद फ्लॅटमध्ये वास येतो, तेव्हा गच्चीची परवानगी असेल तरच करा. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर भाज्या-फळं उभी केली, ते काम वाचून मला फार बळ आलं होतं. पण ती उघडी गच्ची आहे. तिथल्या पिकाशी तुमच्या ग्रिलची तुलना करून खचू नका.

तुमचा खरा गुरू तुमच्याच इमारतीत, तुमच्याच बाजूला राहतो. वरच्या किंवा खालच्या मजल्यावर ज्यांच्या ग्रिलमध्ये मिरची लगडलेली दिसते, त्यांचं दार वाजवा. त्यांची दिशा तीच, छज्जा तोच, समोरचा टॉवरही तोच. मला पहिली टोमॅटोची रोपं अशीच चौथ्या मजल्यावरच्या आजींनी दिली. गणपती उठल्यावर बी टाक आणि नवरात्रात रोपं हलव, एवढंच त्या म्हणाल्या. त्यांना अक्षांश माहीत नव्हता, पण त्याच भिंतीवर त्या कितीतरी वर्षं भाजी घेत होत्या. डिसेंबर-जानेवारीत फळ आलं. टोमॅटोला रात्री गार लागतात. एप्रिलच्या उकाड्यात फूल येतं पण धरत नाही, त्यावर खताचा उपाय नाही.

म्हणून होळीनंतर टोमॅटो थकला की उपटून टाका, त्यावर जीव अडकवू नका. कुंडीतली मुळं काढा, माती वर्तमानपत्रावर पसरून उन्हात चांगली वाळवा. मग तिसरा हिस्सा नवं कंपोस्ट आणि निंबोळी पेंड मिसळून परत भरा आणि वर सुक्या पानांचा थर द्या. पाऊस ग्रिलमध्ये शिरत असेल तर जूनच्या आधी कुंड्या आत सरकवा, नाहीतर सगळं कंपोस्ट धुऊन जातं. एखाद-दुसऱ्या कुंडीत अळूचा कंद लावून ठेवा, श्रावणात फदफद्याला पानं होतील. टोमॅटोचं बी मात्र गणपती उठेपर्यंत डब्यात कोरडं राहू द्या.