एका इमारतीत दोन शाळा: खर्च आणि वेळ कशी वाटून घ्यावी

खोल्या सगळेच मोजतात. शौचालये, नळ आणि सामान ठेवायची जागा मोजायची राहून जाते. म्हणून दोन्ही शाळांची मुले एकत्र धरून आधी ती मोजा. बचत देखभाल, वीज आणि राखणदारीत होते. शिक्षक तेवढेच लागतात, त्यामुळे पगारात फारशी नाही.

खर्चाची वाटणी लेखी ठरवा, आणि सगळ्याला एकच प्रमाण लावू नका. पाणी, सफाई पटावर, म्हणजे मुलांच्या संख्येवर. छप्पर, रंगकाम वापरातल्या खोल्यांवर. पट ९० आणि ६० असेल तर प्रमाण ३:२, म्हणजे १०,००० च्या बिलात ६,००० आणि ४,०००. पट बदलतो, म्हणून दरवर्षी नवा हिशेब करा. हे राहिले की पट घटलेली शाळा जुनाच वाटा भरत राहते आणि कुरबुर सुरू होते.

मधली सुट्टी २० मिनिटांची असेल तर दोन शाळांच्या सुट्ट्यांमध्ये १० मिनिटे मोकळी ठेवा. हात धुऊन वर्गात परतायला लहान मुलांना तेवढी लागतातच. शाळा सुटण्याच्या वेळेत १५ मिनिटांचे अंतर हवे, नाहीतर फाटकात कोंडी होते. घंटेचे आवाज वेगळे ठेवा.

आगीचा सराव मात्र एकत्रच करा. जमण्याच्या जागा दोन, हजेरीही दोन. दुसऱ्या शाळेच्या रांगेत उभे राहिलेले मूल हरवले असे समजून कोणीतरी पुन्हा इमारतीत शिरते, आणि तोच खरा धोका.

पाट्या सारख्याच आकाराच्या लावा. लहान शाळेला भाडेकरूसारखे वाटता कामा नये.