सव्वीस मोठी नावं म्हणजे संघ नव्हे: राष्ट्रीय फुटबॉल संघ निवडताना या चुका टाळा

क्लबला लेफ्ट बॅक (डावीकडचा बचावपटू) कमी पडला तर पैसे मोजून आणता येतो. देशाच्या संघात तो नसेल तर नसतोच. शिवाय सगळे एकत्र सरावाला मिळतात ते वर्षातले मोजके दिवस. म्हणून निवडीतली चूक बहुतेक वेळा स्पर्धा ऐन रंगात आल्यावरच उघडी पडते.

सर्वांत महागात पडतं ते गुणवत्तेच्या उतरत्या क्रमाने नावं लिहीत जाणं, किंवा 'भविष्यातला तारा' म्हणून एखाद्याला सोबत नेणं. २००६ च्या विश्वचषकात इंग्लंडचे प्रशिक्षक एरिक्सन यांनी चारच स्ट्रायकर (गोल करणारे आघाडीपटू) नेले. त्यातला थिओ वॉलकॉट १७ वर्षांचा, प्रीमियर लीगचा एकही सामना न खेळलेला. दुसरा रूनी दुखापतीतून नुकताच सावरत होता. स्वीडनविरुद्ध पहिल्याच मिनिटात तिसऱ्या, ओवेनचा गुडघा गेला. तरीही वॉलकॉटला अख्ख्या स्पर्धेत एक मिनिटही मिळालं नाही. उतरवायची हिंमत होणार नसेल, तर ती जागा रिकामीच धरा. प्रत्येक नावापुढे लिहून बघा: हा कोणाच्या जागी येणार आणि सामना कुठल्या वळणावर असताना? उत्तर सुचत नसेल तर नाव खोडा.

दुसरी फळी कागदावर भक्कम असते, पण मुख्य खेळाडूंसोबत कधी खेळलेलीच नसते. २०१४ च्या विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत ब्राझीलकडे नेमार नव्हता (मणक्याला दुखापत) आणि कर्णधार थिआगो सिल्वाही नव्हता (पिवळ्या कार्डांमुळे बंदी). जर्मनीने ७-१ ने धुतलं. सगळा दोष या दोन गैरहजेऱ्यांचा नाही, पण सिल्वाविना बचाव पार विस्कटला. उलट त्याच जर्मनीचा खेदिरा अंतिम सामन्याच्या वॉर्म-अपमध्ये जायबंदी झाला. आयत्या वेळी आलेल्या क्रामरलाही डोक्याला मार लागून बाहेर जावं लागलं. त्याच्या जागी शुर्ले आला आणि त्याच्याच क्रॉसवर, बदली म्हणूनच उतरलेल्या गोट्झेने ११३ व्या मिनिटाला विजयी गोल केला.

मैत्रीपूर्ण सामन्यात अकराच्या अकरा बदलले की कोणाचीच परीक्षा होत नाही. नेहमीच्या बचावफळीत एकच नवा घाला, मग कळतं.

जुन्या विजयाची परतफेड हाही एक सापळा. इटलीला २००६ चा विश्वचषक जिंकून देणारे प्रशिक्षक लिप्पी २०१० च्या विश्वचषकात जुन्यांवर भिस्त ठेवून गेले आणि इटली गटात तळाला राहिली. जर्मनीने २०१७ चा कॉन्फेडरेशन्स कप (विश्वचषकाच्या आदल्या वर्षी होणारी खंडविजेत्यांची स्पर्धा) तरुण संघ घेऊन जिंकला. वर्षभरात, २०१८ च्या विश्वचषकात मदार पुन्हा २०१४ च्या मंडळींवर. तयार केलेली फळी वापरायचीच नसेल तर ती तयार कशाला केली? संघ गटातच बाद झाला.

याउलट अर्जेंटिनाचे प्रशिक्षक स्कालोनींनी दार उघडं ठेवलं. मधल्या फळीतल्या एन्झो फर्नांडेझचं पदार्पण सप्टेंबर २०२२ मधलं, म्हणजे विश्वचषकाच्या दोन महिने आधीचं. सौदी अरेबियाकडून हरल्यावर त्याला वाट मिळाली आणि अंतिम सामन्यात तो सुरुवातीपासून होता.

राखीव गोलकीपरकडे तर कोणी बघतच नाही. २०१४ मध्ये नेदरलँड्सचे प्रशिक्षक व्हान गालनी कोस्टा रिकाविरुद्ध शेवटची बदली राखून ठेवली, १२० व्या मिनिटाला, पेनल्टी शूटआउटसाठी राखीव गोलकीपर क्रुलला उतरवलं आणि त्याने दोन पेनल्टी अडवल्या. पुढच्याच सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध तेव्हा मुभा असलेल्या तिन्ही बदल्या आधीच संपल्या होत्या. पेनल्टी सुरू झाल्या तेव्हा क्रुल बाकावर बसून होता.