‘ज्य पार्ले’ म्हणू नका: फ्रेंच वर्तमानकाळातल्या आपल्या हमखास चुका

फ्रेंचच्या पहिल्याच महिन्यात ‘बोलणे’ हे क्रियापद येतं आणि वर्गातली मुंबईकडची मुलं खूश होतात. कारण ‘मी बोलतो’मधलं ‘बोलतो’ फ्रेंचमध्ये लिहिलं की अक्षरं येतात पी-ए-आर-एल-ई. स्टेशनच्या पाटीवर असतं तेच, बिस्किटाच्या पुड्यावर असतं तेच. मग सगळे एका सुरात वाचतात, ‘ज्य पार्ले’. पहिली ठेच इथेच लागते. (हा ‘ज्य’ म्हणजे ‘मी’. ‘ट्रेझर’ म्हणताना मधे जो आवाज येतो, तो इथे धरायचा.)

शेवटचा ई मुका आहे. उच्चार ‘ज्य पार्ल’, ल वर संपला. ‘पार्ले’ असाही उच्चार भाषेत आहे, पण तो मूळ क्रियापदाचा, म्हणजे ‘बोलणे’चा. तेव्हा ‘ज्य पार्ले’ हे फ्रेंच कानाला ‘मी बोलणे’ असं काहीतरी लागतं.

नियमित क्रियापदांचा सर्वांत मोठा गट हाच, ई-आरने संपणारा. फ्रेंचमधली दहातली नऊ क्रियापदं यात येतात. शेवटचं ई-आर काढायचं आणि शेपूट लावायचं: मी असेन तर ई, तू असशील तर ई-एस, तो किंवा ती तर ई, आम्ही तर ओ-एन-एस, तुम्ही तर ई-झेड, ते किंवा त्या तर ई-एन-टी. लिहायला पाच वेगळी शेपटं, पण ऐकायला तीनच रूपं. मी, तू, तो आणि ते या चौघांचंही ‘पार्ल’, ‘नू’चं, म्हणजे ‘आम्ही’चं, ‘पार्लों’ आणि ‘वू’चं, म्हणजे ‘तुम्ही’चं, ‘पार्ले’.

आपल्या बहुतेक चुकांचं मूळ इथे आहे. मराठी क्रियापद सगळी माहिती शेपटात घेऊन फिरतं. ‘बोलतोस’ म्हटलं की समोर एकच जण आहे, पुरुष आहे आणि ओळखीचा आहे, हे सगळं कळलं. ‘तू’ म्हणायची गरजच नाही. फ्रेंचचं शेपूट बहुतेक वेळा नुसतं दिसतं, ऐकू येत नाही. लॅटिनमधून आलेली ही शेपटं जुन्या फ्रेंचमध्ये बरीचशी ऐकू येत आणि तेव्हा तेही लोक कर्ता बिनदिक्कत गाळत. पुढे आवाज झिजला, स्पेलिंग तसंच राहिलं आणि कर्ता सांगायचं काम ‘ज्य’, ‘त्यू’ (तू), ‘ईल’ (तो) यांच्यावर येऊन पडलं.

कर्ता गाळणे

‘फ्रेंच बोलतोस का?’ ‘हो, बोलतो थोडं.’ याच सवयीने मुलं ‘वी, पार्ल फ्रांसे’ असं उत्तर देतात. आता ‘ज्य’ गाळलेलं ‘पार्ल’ म्हणजे आज्ञा झाली: ‘फ्रेंच बोल!’ प्रश्न विचारणाऱ्यालाच हुकूम सोडल्यासारखं. एका वाक्यात तीनदा ‘मी’ आला तर तीनदा म्हणा. मराठीत तो आत्मप्रौढी वाटेल, तिथे वाटत नाही.

‘आहे’ चिकटवणे

‘मी बोलत आहे’मधल्या ‘आहे’साठी मुलं ‘स्वी’ शोधून आणतात आणि लिहितात ‘ज्य स्वी पार्ल’. अशी रचनाच नाही. बोलतो, बोलते, बोलतोय, बोलत आहे या सगळ्यांना एकच ‘ज्य पार्ल’ पुरतं. अगदी ‘आत्ता या क्षणी बोलतोय, मधे येऊ नकोस’ असं ठासून सांगायचं असेल तरच ‘ज्य स्वी आं त्रँ द पार्ले’. हे एकदा कळलं की काही जण ते प्रत्येक वाक्यात घालतात, ती पुढची चूक.

लिंगाचीही काळजी नको. बोलतो आणि बोलते यांत तिथे फरक नाही. मुली दरवर्षी मला विचारतात, ‘आमच्यासाठी जास्तीचा ई लावायचा ना?’ वर्तमानकाळात नाही लावायचा.

ई-एन-टी वाचणे

‘ईल पार्लेंट’ असं वाचणारा विद्यार्थी मला दर बॅचमध्ये भेटतो. ‘ते’चं ई-एन-टी पूर्ण मुकं असतं. मग ‘तो बोलतो’ आणि ‘ते बोलतात’ यांत फरक कसा करायचा? ‘पार्ल’पुरता करताच येत नाही, संदर्भावरून ओळखायचं. पण क्रियापद स्वराने सुरू होत असेल तर फरक ऐकू येतो. ‘तो राहतो’ म्हणजे ‘ईलाबीत’ आणि ‘ते राहतात’ म्हणजे ‘ईलझाबीत’. ‘ते’साठीच्या ‘ईल’च्या शेवटी लिहिलेला, एरवी झोपलेला एस पुढे स्वर आला की ‘झाडा’तला झ होऊन जागा होतो. (आबीते, म्हणजे राहणे, याच्या सुरुवातीला एच लिहितात, पण तो मुका आहे.)

हा झ आपल्याला एका खास मराठी खड्ड्यात पाडतो.

आदराचं बहुवचन

‘बाबा नाशिकला राहतात.’ मराठीत हे आदरार्थी. विद्यार्थी तसंच उचलून ‘ईलझाबीत आ नाशिक’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, बरीच माणसं राहतात. बाबा एक असतील तर ‘ईलाबीत’. फ्रेंचमध्ये तृतीय पुरुषात आदर दाखवायची सोय नाही. राष्ट्राध्यक्ष असले तरी ‘ईल’ आणि एकवचनी शेपूट.

आदर फक्त समोरच्याशी बोलताना, ‘वू’मधून. माणूस एकच असला तरी ‘वू’ला ई-झेड लागतं. मात्र कोणाला ‘वू’ म्हणायचं याचा आपला अंदाज हुकतो. बेकरीवाल्या अनोळखी बाईंना ‘वू’ हवंच. स्वतःच्या आईवडिलांना, आजीआजोबांना मात्र तिकडची मुलं सर्रास ‘त्यू’ म्हणतात. ‘अहो बाबा’ म्हणणाऱ्या घरातल्या मुलांना ते जड जातं.

‘मला आवडतं’ची अडचण

ही माझी आवडती चूक. एका मुलीने वहीत ‘मला आंबे आवडतात’ असं लिहिताना ‘ज्य’ला ई-एन-टी लावलं होतं. विचारलं तर म्हणाली, ‘आंबे अनेक आहेत ना!’ मराठीप्रमाणे तिचं बरोबरच होतं, कारण आपल्याकडे ‘आवडतात’ आंब्यांच्या मागे जातं. फ्रेंचमध्ये मात्र आवडून घेणारा माणूसच कर्ता, क्रियापद त्याच्या मागे: ‘ज्येम ले मांग’. आंबे एक असोत की पेटीभर, शेपूट ‘मी’चंच. ‘आवडणे’ विसरा आणि ‘मी प्रेम करते’ असा सांगाडा डोक्यात ठेवा.

याच वाक्यातली दुसरी गोष्ट: ‘ज्य एम’ असं तोडून म्हणू किंवा लिहू नये. पुढे स्वर आला की ‘ज्य’चा ई गळतो आणि तिथे वर स्वल्पविरामासारखी खूण येते.

दोन क्रियापदं एकत्र

‘मला बोलायला आवडतं’ हे ‘ज्येम पार्ले’. पहिल्याला शेपूट लावलं की दुसरं मूळ रूपातच, ई-आरसकट. पण ‘वू पार्ले’ही तसंच ऐकू येतं आणि भूतकाळी रूपही ‘पार्ले’च, त्यामुळे श्रुतलेखनात खुद्द फ्रेंच मुलंही इथे घसरतात. त्यांना शाळेत एक युक्ती शिकवतात: त्या जागी ‘विकणे’ घालून पाहा. त्याचं मूळ रूप ‘वांद्र’, ‘वू’चं रूप ‘वांदे’, भूतकाळी ‘वांद्यू’, तिन्ही कानाला वेगळी. ‘वांद्र’ बसलं तर ई-आर लिहा. पार्ल्याचा घोळ वांद्र्याला जाऊन सुटतो, एवढं लक्षात ठेवलं तरी चालेल.

किरकोळ, पण मार्क जाणाऱ्या

बोलीत ‘आम्ही’साठी ‘नू’पेक्षा ‘ओं’ जास्त ऐकू येतं. अर्थ बहुवचनी, शेपूट ‘तो’चं: ‘ओं पार्ल’. ‘खाणे’ म्हणजे ‘मांज्ये’, त्याला ‘नू’चं ओ-एन-एस लावताना जीनंतरचा ई ठेवावा लागतो, नाहीतर ओ समोर आल्यामुळे जीचा ‘ग’ होतो. सुरू करणे, ‘कोमांसे’, याच्या ‘नू’च्या रूपात त्याच कारणाने सीखाली छोटी आकडी जोडायची. आणि ‘जाणे’ हे ‘आले’ ई-आरने संपत असलं तरी नियमित नाही. त्याला या गटात घालून पाहू नका, वेगळं पाठ करा.

‘पासून’ आलं की

‘मी दोन वर्षांपासून पुण्यात राहतो.’ शाळेत इंग्रजी घोटलेली मुलं इथे थांबतात आणि ‘हॅव बीन’सारखं काहीतरी जुळवायला लागतात. नको. फ्रेंच इथे इंग्रजीच्या नाही, मराठीच्या बाजूने आहे. साधा वर्तमानकाळ, पुढे ‘दप्वी’ आणि मुदत: ‘ज्याबीत आ पुणे दप्वी द झां’. आपण मराठीत बोलतो तेच वाक्य, फक्त ‘मी’ गाळायचा नाही.