"जास्त लोक आत टाकले की क्राइम कमी होतो" हे कसं तपासायचं

व्हॉट्सॅपवर कुणीतरी हमखास टाकतं की अमेरिकेने धडाधड लोक आत टाकले म्हणून तिकडचा क्राइम खाली आला, आपल्याकडे पण तसंच पाहिजे. लगेच भांडायला जाऊ नका, आधी विचारा कुठल्या वर्षापासून मोजलंय. १९९१ पासून मोजलं तर दावा एकदम पटतो, कारण तिथून हिंसक गुन्ह्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं आणि कैदी वाढत गेले, २००८ च्या आसपास तर २३ लाख लोक आत होते. पण १९७३ ते १९९१ बघा ना, कैद्यांचं प्रमाण तिप्पट आणि गुन्हे पण वाढलेलेच.

मग शेजारी डोकवायचं. कॅनडात पण नव्वदच्या दशकात क्राइम घसरला आणि तिथे कैदी लाखामागे शंभरच्या आसपासच होते. न्यूयॉर्क राज्यात १९९९ ला ७२ हजारांवर कैदी होते, २०१९ संपेपर्यंत ४५ हजारांच्या खाली आले, आणि गुन्हेही घटलेच.

म्हणून जेलचा काहीच उपयोग नाही असं मात्र म्हणू नका, तिथे आपण तोंडघशी पडतो. कॅलिफोर्नियात जेलमध्ये क्षमतेच्या जवळपास दुप्पट माणसं कोंबली होती, २०११ ला सुप्रीम कोर्टाने कमी करायला लावली, त्यानंतर हिंसक गुन्ह्यांत फारसा फरक नाही पण गाड्यांच्या चोऱ्या वाढल्या. आता याच्यापुढे खर्च ठेवा, तिथे एका कैद्यामागे वर्षाला १ लाख डॉलरच्या वर जातात.

आत कोण आहे हे पण विचारायचंच, माझ्या मते हाच खरा प्रश्न. ड्रग्ज विकणारा पोरगा उचलला की त्याच नाक्यावर दुसरा येतो, घरफोड्या आत गेला तर निदान त्याच्या घरफोड्या थांबतात. आणि साठीच्या म्हाताऱ्याला अजून दहा वर्षं ठेवून काय मिळणार, हे सगळे बहुतेक तरुणपणीचे उद्योग. कुणी "सुटले की परत तेच करतात" म्हणालं तर आकडा आहे, २००५ ला अमेरिकेतल्या ३० राज्यांतून सुटलेल्यांपैकी ८३ टक्के नऊ वर्षांत परत अरेस्ट झाले, फक्त अरेस्ट म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नाही.

शेवटी गाडी भारतावर येतेच. एनसीआरबीच्या (गुन्ह्यांचे आणि तुरुंगांचे आकडे ठेवणारी केंद्राची संस्था) २०२२ च्या आकड्यांत चारातले तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे केस अजून चालूच, आणि तुरुंग १३१ टक्के भरलेले. तेव्हा समोरच्याला सरळ विचारा, अजून आत टाकायचे म्हणजे शिक्षा झालेले का तारखेची वाट बघणारे?