तान्ह्या बाळासाठी मोटारीचा झोका निवडताना

बडोद्यातील मराठी घरांत बारसे जवळ आले की पाळण्याची चर्चा सुरू होते. दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातल्या एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर लाकडी पाळणा असतो, शेजारच्या गुजराती कुटुंबाकडून घोडियुं, म्हणजे चौकटीला टांगलेली कापडी झोळी, मागून आणता येते, आणि अलीकडे आहेरात मोटारीवर झुलणारा बेबी स्विंगही येऊ लागला आहे. माझी लेक बाळंतपणासाठी माहेरी आली, तेव्हा असा झोका निवडण्याचे काम माझ्याकडे आले. त्या निमित्ताने जे वाचले, विचारले आणि दुकानात हाताळून पाहिले, ते येथे मांडते आहे.

जागे बाळ थोडा वेळ शांत राहावे, एवढेच या झोक्याचे काम आहे. झोपेची जागा वेगळीच हवी. नवजात बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड असते, मानेत जोर नसतो आणि श्वासनलिका अरुंद व मऊ असते. तिरप्या आसनात डोळा लागला की हनुवटी छातीवर टेकते, श्वासाची वाट दबते, आणि बाळ रडत किंवा धडपडत नसल्यामुळे जवळ बसलेल्या माणसालाही ते कळत नाही. म्हणूनच बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर झोपवावे, आणि झोक्यात झोप लागलीच तर लगेच उचलून तशा जागी न्यावे, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. हा धोका केवळ कागदावरचा नाही. फिशर-प्राइस कंपनीने एप्रिल २०१९ मध्ये तिरप्या झोपेचे सुमारे ४७ लाख पाळणे परत मागवले, कारण त्यांच्याशी संबंधित ३० हून अधिक बाळांच्या मृत्यूंची नोंद झाली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच कंपनीच्या स्नूगा नावाच्या २० लाखांहून अधिक झोक्यांबाबत पुन्हा तशीच सूचना निघाली. त्यातील पाच मृत्यूंपैकी बहुतेक वेळा बाळाला पट्टे लावलेले नव्हते आणि झोक्यात जादा अंथरूण घातलेले होते.

बाजारात ‘ऑटोमॅटिक पाळणा’ म्हटले की तीन वेगवेगळ्या वस्तू समोर येतात. पहिला पट्ट्यांचा, बसका बेबी स्विंग. दुसरा सपाट तळाचा, मोटारीने डावी-उजवीकडे हलणारा पाळणा. आणि तिसरी, कापडी झोळी स्प्रिंगला टांगून वर-खाली हलवणारी मोटार. तिसरी वस्तू तान्ह्या बाळासाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. झोळीत बाळाची पाठ वाकते, कापड दोन्ही बाजूंनी तोंडापर्यंत येते आणि सारा भार एका हुकावर राहतो. घोडियुंचीही झोळी कापडीच असते. परंतु त्याची दोरी आईच्या किंवा आजीच्या हातात असे, आणि प्रत्येक ओढीबरोबर नजर बाळाकडे जात असे. मोटार लावली की ती नजरच निघून जाते. सपाट पाळणा घ्यायचा असेल, तर मोटार थांबल्यावर तो एका बाजूला कललेला राहत नाही ना, हे अवश्य पाहावे, कारण कललेल्या तळावर बाळ घरंगळून जाळीला तोंड टेकून पडते.

बेबी स्विंगमध्ये पाहण्याची पहिली गोष्ट म्हणजे त्याची पाठ किती मागे झुकते. बाळ चार महिन्यांचे होऊन स्वतः मान सावरेपर्यंत आसन सर्वांत मागच्या स्थितीतच ठेवावयाचे असते. म्हणून ज्याची पाठ पुरेशी मागे जातच नाही, तो कितीही देखणा असला तरी सोडून द्यावा. पट्टा दोन खांद्यांवरून, कमरेच्या दोन्ही बाजूंनी आणि पायांमधून येणारा, म्हणजे पाच ठिकाणी बांधणारा हवा. पायांमधून पट्टा जायचा असल्यामुळे बाळाला दुपट्यात गुंडाळून झोक्यात ठेवता येत नाही. डोक्याला छान आकार यावा म्हणून आपल्याकडे मोहरीची उशी वापरतात. तीही येथे ठेवू नये, कारण डोके उचलले गेले की हनुवटी आणखी खाली जाते.

दुकानदार झोका रिकामा चालवून दाखवतो, आणि रिकामा झोका नेहमीच सुरेख चालतो. मी पिशवीतून तांदळाची तीन-तीन किलोंची दोन पाकिटे नेली होती. त्यातले एक आसनावर ठेवून पट्टे लावले, तेव्हा जो झोका मला सर्वांत आवडला होता तोच दर फेरीला एका बाजूला ओढला जाऊ लागला. दुसरा झोका दोन्ही पाकिटांच्या सहा किलोला जवळजवळ थांबला. म्हणजे तीन-चार महिन्यांतच तो निकामी ठरला असता. अशी परीक्षा करताना सर्वांत कमी वेग किती सौम्य आहे ते पाहावे, कारण नवजातासाठी तोच वापरायचा असतो. बंद करण्याची वेळ आपोआप ठरवता येते का, बटण दाबताच आसन हळूच स्थिरावते का आणि गाण्याचा आवाज अगदी बारीक करता येतो का, हेही तिथेच तपासावे.

बडोद्यात कित्येक घरांचे कोणी ना कोणी अमेरिकेत असते आणि तिकडचा वापरलेला झोका सामानातून येतो. त्याच्या अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले नसून केवळ १२० व्होल्ट असेल, तर आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर तो जळतो. शिवाय त्या मॉडेलबाबत परत मागवण्याची सूचना निघाली होती का, हे नाव घालून शोधून पाहावे, आणि शोधूनही मॉडेल ओळखता आले नाही तर तो झोका वापरू नये. इथे घेतलेल्या झोक्याच्या अडॅप्टरवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा.

आपल्या गावात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. जाड, लोकरीसारखा मऊ पॉलिएस्टरचा गिलाफ दुकानातल्या वातानुकूलित हवेत सुखद वाटतो, पण घरी त्यात बाळाची पाठ घामाने भिजते. जाळीदार किंवा सुती आणि काढून धुता येईल असा गिलाफ निवडावा.

घरी आणल्यावर झोका जमिनीवरच ठेवावा. दिवाण किंवा टेबलावर कधीही नाही. वायर, पडद्याची दोरी आणि पंख्याचा थेट झोत यांपासून तो दूर असावा. एका वेळी पंधरा-वीस मिनिटे पुरेत, आणि तेवढा वेळ मोठे माणूस त्याच खोलीत असावे. महिने पूर्ण भरण्याआधी जन्मलेल्या किंवा श्वासाचा त्रास असलेल्या बाळासाठी हा झोका बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय वापरूच नये. बाळ उठून बसण्याची धडपड करू लागले, किंवा पुस्तिकेत दिलेली वजनाची मर्यादा गाठली, की त्याच दिवशी झोका आवरून ठेवावा. ही वेळ बहुधा पाच-सहा महिन्यांतच येते; त्यामुळे किंमत ठरवताना एवढाच काळ धरावा.