कोयनेच्या रानात आणि देवराईत जाताय? या चुका टाळा

सकाळी साडेदहाला बामणोलीच्या धक्क्यावर गाडी लावायची, बोट ठरवायची, मेट इंदवलीला उतरून धापा टाकत वासोटा किल्ला गाठायचा, फोटो काढून शेवटच्या बोटीसाठी पळत खाली यायचं आणि जेवताना म्हणायचं, "या रानात जनावर नाहीच." हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतोय. ज्या वाटेनं ही मंडळी आली, त्याच वाटेवर शेकरू डोक्यावरून गेलेलं असतं आणि भेकर दोनदा भुंकून आत सरलेलं असतं.

मुळात हे रान कसलं आहे, हेच कुणी समजून घेत नाही. कोयना अभयारण्य १९८५ चं, चांदोली राष्ट्रीय उद्यान २००४ चं. २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि 'व्याघ्र' हा शब्द ऐकून लोक ताडोब्यासारखी जिप्सी, पाणवठा आणि वाघ डोळ्यासमोर घेऊन येतात. इथे वाघ मोजकेच, आणि ते दिसतील या आशेवर तर येऊच नका. हे पावसाचं रान आहे. कोयनेजवळच्या नवजा गावात वर्षात पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. अंजनी, जांभूळ, पिसा यांचे शेंडे एकमेकांत असे गुंतलेले, की दुपारीही खाली ऊन पोचत नाही आणि वीस पावलांपलीकडचं दिसत नाही. इथे जनावर आधी ऐकू येतं. दिसलं तर नंतर.

म्हणून पहिली चूक उशिरा येण्याची, आणि तिच्याइतकीच मोठी चूक चालत राहण्याची. नवशिक्यांना वाटतं, जास्त चाललो तर जास्त दिसेल. पाचोळ्यावर आठ जणांचे बूट वाजत असताना रानकोंबडासुद्धा थांबत नाही. मी चालतो फार तर तासभर. बाकीचा वेळ फळाला आलेला एक उंबर गाठायचा, वाऱ्याच्या खालच्या अंगाला बुंध्याशी पाठ टेकायची आणि दोन तास बसायचं. पहिला अर्धा तास काहीही होत नाही, आणि लोक नेमके त्याच अर्ध्या तासात उठतात. मग हळूहळू पाखरं येतात, हरियाल, तांबट, वरून उंबरं टपटपू लागतात, आणि कधीतरी खाली पडलेली वेचायला भेकर येतं. 'एका दिवसात सगळं' असा बेत करून येणाऱ्यांना मी सरळ सांगतो, तुम्ही किल्ला बघून या. किल्ला सुंदर आहे.

ढोलीपाशी गर्दी

या चुकीबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

पाटण तालुक्यातली एक देवराई, एप्रिलचा महिना. राखी धनेश पक्ष्याची जोडी एका जुन्या किंजळीच्या झाडाच्या ढोलीत होती. धनेशाची मादी ढोलीत शिरते आणि विष्ठा, फळांचा चोथा यांनी ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. चोच मावेल एवढी फट फक्त उरते. अंडी उबवेपर्यंत आणि पुढेही काही आठवडे ती आतच. नर जे आणून देईल त्यावर ती आणि पिल्लं जगतात. त्याची एक फेरी चुकली तर आत उपास.

त्या दिवशी सात कॅमेरेवाले होते. देवळाचा पार ओलांडतानाच गुरव आबांनी हात जोडून सांगितलं, "पाव्हणं, पाराच्या पुढं जाऊ नगासा. त्यो यायचा न्हाई." मंडळींनी मान डोलावली आणि दहा मिनिटांत ढोलीपासून बारा-पंधरा पावलांवर तिकाट्या लावल्या. मी गावच्या राखणदाराबरोबर पाराशीच थांबलो होतो.

सात वाजून दहा मिनिटांनी नर आला आणि समोरच्या आंब्यावर बसला. चोचीच्या टोकाला लालभडक उंबर. त्यानं ढोलीकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं आणि उंबर गिळून टाकलं. थोड्या वेळानं तेच फळ पुन्हा वर आणून चोचीत धरलं. पुन्हा गिळलं. असं किती वेळा झालं ते मोजायचं मी सोडून दिलं. तेवढ्यात एकानं मोबाईलवर धनेशाचा आवाज लावला. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून हा बिचारा ओरडत झाडाभोवती घिरट्या घालू लागला. ढोलीच्या फटीतून मादीची चोच बाहेर आली, आत गेली, पुन्हा बाहेर आली.

साडेनऊला राखणदारानं आणि मी आवाज चढवून त्या सातही जणांना उठवलं. सगळे पाराच्या मागे आल्यावर अकराव्या मिनिटाला नर ढोलीवर उतरला. एकेक करून एकोणीस उंबरं त्यानं फटीतून आत दिली. मी बोटांवर मोजली आहेत.

त्या आठवड्यात गावानं बैठक घेतली आणि पावसाळ्यापर्यंत कॅमेऱ्याला देवराई बंद केली. योग्यच केलं. आता पाराच्या पुढे कुणालाच सोडत नाहीत, मलाही नाही.

ढोली दिसली की मी निदान पन्नास पावलं मागे राहतो, मध्ये एखादा बुंधा ठेवतो आणि पंधरा मिनिटांत निघतो. आवाज लावून पक्षी बोलवायचा नाही, कुठलाच, कधीच. त्या शॉर्टकटनं मिळालेला फोटो मी बघतही नाही.

'वाटाड्या कशाला, मॅप आहे की'

मॅपवर पायवाट दिसते. ती वाट गेल्या पावसात ढासळली, कारवी तिथे छातीइतकी वाढलीय आणि आतल्या डबक्यावर गवे पाण्याला येतात, हे मॅपवर दिसत नाही. गावच्या माणसाला ते पायाखाली कळतं. वानर धोका बघून खाकरलं तर तो जागीच थांबतो आणि कुठल्या बाजूला बघायचं ते हातानं दाखवतो. अशा एका इशाऱ्यावर मला नवज्याच्या वरच्या अंगाला रानकुत्र्यांची अख्खी टोळी दिसली. एकटा असतो तर त्याच वेळी दुर्बीण पुसत बसलो असतो.

वाटाड्याच्या पैशात घासाघीस करणारे पाहिले की मला मनापासून राग येतो. उन्हाळ्याआधी आग अडवणाऱ्या जाळरेषा कोण काढतं? वणवा लागला की रात्री ओल्या फांद्या घेऊन कोण पळतं? गावची समितीच. कासच्या पठारावरही भोवतालच्या गावांची समितीच तिकीट घेते आणि त्यातून राखण अन् साफसफाई चालते. पावती मागून घ्या, पण रक्कम कमी करायला सांगू नका. आणि ठरवलेल्या वाटाड्याला मागे टाकून पुढे धावू नका. त्याच्या पाठीमागे चाला, तो बोलेल तेव्हाच बोला.

देवराईचा नेम वेगळा. बऱ्याच ठिकाणी चपला बाहेर काढाव्या लागतात. तिथली वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, म्हणून हातात काठी हवी तर घरून आणा.

बाकीच्या चुका थोडक्यात. पांढरा आणि भडक रंग नको. अत्तर, डिओ तर अजिबात नको. माकडांना बिस्किटं देऊ नका. रात्री झाडांवर टॉर्च मारत फिरू नका. शेकरूचं घरटं दिसलं म्हणून त्याच्याखाली तासभर उभे राहू नका. एकच शेकरू अशी चार-पाच घरटी बांधतं, त्यापेक्षा शेंड्यातून येणाऱ्या खटखटाटाकडे कान द्या. फांदीला हात घालण्याआधी नीट बघा, हिरवा चापडा हा विषारी साप पानांतलाच वाटतो.

जळू लागली की लोक घाबरून ओढतात किंवा काडीनं चटका देतात. नखाची कड तिच्या तोंडाशी कातडीला लावून सरकवा, सुटते. रक्त थोडा वेळ वाहतं, मी फडक्यानं दाबून धरतो आणि चालू लागतो. कोरड्या महिन्यांत जळवांपेक्षा गोचिडांना जपा. पँट मोज्यात खोचा, आणि घरी आल्यावर काखा, कंबर, गुडघ्यामागची घडी तपासा.

वाटेवर गवा आडवा उभा दिसला तर शिट्टी नाही, दगड नाही, 'हॅट हॅट' तर नाहीच. मोबाईल खिशात. नजर त्याच्यावर ठेवून सावकाश दहा-बारा पावलं मागे या आणि एखाद्या जाड बुंध्याआड उभे राहा. तो फुरफुरला तर आणखी मागे. कधी पाच मिनिटं जातात, कधी पाऊण तास. तो वाट सोडून आत गेला, मागची गाय आणि वासरूही गेलं, फांद्या मोडल्याचा आवाज लांब गेला, की मग आपण निघायचं.