घरच्या ऑफिसचं नेटवर्क : या चुका टाळा

एका खोलीत टॅली, जीएसटीची रिटर्न्स आणि गिऱ्हाइकांचे पॅन-आधार सांभाळणाऱ्या माणसाचं नेटवर्क बहुतेक वेळा केबलवाल्याने घाईघाईत लावलेलं असतं. नेट चालू झालं की त्याचं काम संपतं. पुढच्या चुका आपल्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे बाहेरून टॅली दिसावी म्हणून राउटरमध्ये ३३८९ पोर्ट फॉरवर्ड करणं, म्हणजे इंटरनेटवरून थेट ऑफिसच्या पीसीपर्यंत त्या क्रमांकाचं दार उघडं ठेवणं. विंडोजचा रिमोट डेस्कटॉप (दूर बसून पीसी चालवायची सोय) याच पोर्टवर असतो आणि त्याच्या शोधात उघडी दारं हुडकणारे प्रोग्रॅम, म्हणजे स्कॅनर, रात्रंदिवस फिरत असतात. पुढचं सगळं ठरल्यासारखं घडतं. आधी फॉरवर्डिंग चालतच नाही, कारण नेटवाल्या कंपनीने तुम्हाला सीजीनॅटच्या मागे ठेवलेलं असतं, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला असतो (राउटरचा वॅन, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा, पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होत असेल तर हेच समजायचं). मग कोणीतरी सल्ला देतं, स्टॅटिक आयपी, म्हणजे स्वतःचा न बदलणारा पत्ता, घ्या. म्हणजे फुकट मिळालेला आडोसा पैसे मोजून पाडायचा! पासवर्ड असतो फर्मचं नाव आणि पुढे १२३. पासवर्ड आजमावत बसणारी स्क्रिप्ट तो शोधून काढते, रात्री कोणीतरी आत शिरून अँटीव्हायरस बंद करतं आणि सकाळी टॅलीच्या डेटा फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलच्या नावाला अनोळखी शेपूट लागलेलं असतं, शेजारी खंडणीची चिठ्ठी. बॅकअपची डिस्क? ती यूएसबीला कायमची खोचलेली, म्हणून तीही गेली. आणि जीएसटीच्या थ्रीबी रिटर्नची वीस तारीख तोंडावर.

‘आम्ही पोर्ट बदलून ३३९० केलाय’ असं अभिमानाने सांगणारे भेटतात. एकूण पोर्ट ६५,५३५. स्कॅनरला ते तपासायला वेळ लागतो, कंटाळा येत नाही. फॉरवर्डिंगचे सगळे नियम पुसा, यूपीएनपी (यंत्रांना परस्पर पोर्ट उघडू देणारी राउटरमधली सोय) बंद करा. बाहेरून यायचंच असेल तर राउटरवर वायरगार्ड हे व्हीपीएन (फक्त तुमच्यासाठीचा कुलूपबंद रस्ता) लावा. सीजीनॅटच्या मागे असाल तर तिथेही चालणारं टेलस्केल. एवढं करायला वेळ नसेल तर घरी येऊनच टॅली बघा.

दुसरी लाडकी चूक: ऑफिसचा पीसी, टीव्ही, मुलांचे मोबाइल आणि सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारा डीव्हीआर एकाच नेटवर्कवर. २०१६ मध्ये मिराई बॉटनेटने (ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या फौजेने) कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले होते. तरी आजही डीव्हीआर बसवणारा पासवर्ड बदलायला सांगत नाही.

यावर लोक दुसरा राउटर आणतात आणि तो उलटा जोडतात. पाहुण्यांना आतल्या राउटरवर टाकतात, ऑफिस बाहेरच्या डब्यावर, म्हणजे नेटवाल्याने दिलेल्या फायबरच्या राउटरवर, ठेवतात. आतल्या राउटरवरून बाहेरच्या नेटवर्कमधली यंत्रं सहज दिसतात. बाहेरून आत मात्र जाता येत नाही. म्हणून टीव्ही, डीव्हीआर, पाहुणे हे सगळे फायबरच्या डब्यावर आणि ऑफिस आतल्या, स्वतःच्या राउटरमागे. प्रिंटरही तिथेच. डब्याची केबल आतल्या राउटरच्या वॅन पोर्टमध्येच लावायची. लॅनमध्ये (घरातल्या यंत्रांसाठीच्या पोर्टमध्ये) लावली की तो नुसता स्विच होतो आणि सगळं पुन्हा एकत्र. दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर नेट अडतं, म्हणून आतल्याला १९२.१६८.५०.१ द्या. नंतर मोबाइल डब्याच्या वायफायवर घेऊन ऑफिसच्या प्रिंटरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका. पान उघडलं तर जोडणी चुकली आहे.

एकच राउटर असेल तर निदान गेस्ट वायफाय सुरू करा. त्यात स्थानिक नेटवर्कला प्रवेश देणारी खूण असते, ती काढलेली आहे ना ते बघा.

डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी पिनने वायफाय जोडायची सोय) बंदच ठेवा. पिन आठ आकडी दिसतो, पण शेवटचा आकडा चेकसम (आधीच्या सातांवरून काढलेला) आणि तपासणी दोन तुकड्यांत, त्यामुळे शक्यता उरतात ११,०००.

राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा हवा. डब्याखालच्या स्टिकरवरचा तर नकोच.

विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. त्या पीसीवर गिऱ्हाइकांचे कागद ठेवू नका.

बॅकअपला दोन डिस्क घ्या, आठवड्याआड बदला. काम झालं की काढून कपाटात. महिन्यातून एकदा त्यातली एक कंपनी दुसऱ्या पीसीवर टॅलीत उघडून बघा; न उघडणारा बॅकअप रिटर्नच्या आदल्या रात्री कळून उपयोग नाही.